नाल आणि ऐरण



या वसंत व्याख्यानमालेचे निमंत्रण देताना चालकांनी विषय निवडण्याचे काम आमच्यावरच सोपविले होते. आम्ही एका कार्डावर 'नाल आणि ऐरण' एवढेच लिहून पाठविले. दोन दिवसांनी चालकांपैकी एक तरुण मित्र घरी आले आणि अदबीने विचारते झाले, "आपले अक्षर नीट लागले नाही. विषय 'नल आणि दमयंती' असाच आहे ना?" त्या तरुण मित्राला दोष देण्याचे कारण नाही. वसंत व्याख्यानमालेत नल-दमयंती शोभून दिसतात, लोकशाही शोभते, संतवाङ्मय शोभते. घोड्याच्या पायाचे लोखंड आणि लोहाराच्या दारातले लोखंड, यांना या व्यासपीठाची पायरी चढण्याची सवय नाही.

आणि तरीही गंमत पाहा. या व्यासपीठावर बोलणारा प्रत्येक वक्ता एकदा तरी म्हणतोच की, "आज हा प्रश्न ऐरणीवर आला आहे." शिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर येतो, पाण्याचा येतो, विदर्भाचा तर कायमचाच आलेला असतो. इतके प्रश्न ज्या ऐरणीवर येऊन बसतात, ती ऐरण या सभेतल्या किती जणांनी हात लावून पाहिली आहे? आम्ही हात वर करावयास सांगत नाही. कारण मग आम्हालाही आमच्या आयुष्याची पहिली तेरा-चौदा वर्षे वगळून हिशेब द्यावा लागेल.

पण नागपूरकराला हा विषय परका मानता येणार नाही. आपल्या इतवारीत लोहा ओळ आहे. आपल्या शहरात नालसाहेब चौक आहे. मोहरमच्या दिवसांत नालसाहेबाची सवारी निघते. करबल्याच्या रणात इमाम हुसेन यांना घेऊन गेलेल्या घोड्याचे ते स्मरण, असे भाविक मानतात. साहेब ही पदवी आपण कोणाकोणाला देतो, ते आठवा. कलेक्टरला देतो, इंजिनियरला देतो. या शहराने ती एका नालेला दिली. तेव्हा आज तासभर त्या साहेबाच्या दरबारात बसण्यास हरकत नसावी.

प्रथम थोडे मागे, म्हणजे फारच मागे जाऊ. नागपूरच्या वायव्येस काही कोसांवर माहुरझरी नावाचे गाव आहे. तेथे आणि जुनापाणी, टाकळघाट-खापा अशा कितीतरी ठिकाणी जमिनीवर मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. ती अडीच हजार वर्षांहून जुनी दफनस्थाने. डॉ. शां. भा. देव यांच्या देखरेखीखाली १९७०च्या सुमारास माहुरझरीला उत्खनन झाले, तेव्हा माणसांच्या सोबतीने पुरलेले घोड्यांचे अवशेष मिळाले, घोड्याच्या मस्तकावरची तांब्याची भूषणे मिळाली आणि त्याच्या तोंडातली कडीही मिळाली. पुढे १९७८ ते १९८० या काळात पेंच नदीकाठच्या नायकुंडला खणताना लोखंड गाळण्याची भट्टीच हाती लागली. विटांची, भात्याच्या नळीसकट. म्हणजे ज्या मातीवर आपण सतरंजी अंथरून बसलो आहोत, त्या मातीत घोडा आणि लोखंड यांची सोयरीक अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच जुळली होती.

मात्र ती तोंडाची सोयरीक होती. घोड्याला आवरावा कसा, हे माणसाला आधी कळले. त्याच्या पायाला जपावे कसे, हे कळावयास फार काळ लागला. खिळ्यांनी ठोकलेली नाल युरोपातसुद्धा सर्रास दिसू लागते ती नवव्या-दहाव्या शतकापासून. लगाम आधी आणि नाल मागाहून! ज्याच्याकडून काम घ्यावयाचे त्याला ताब्यात ठेवण्याची युक्ती आधी सुचते आणि त्याच्या पायांची काळजी पुष्कळ उशिरा वाटू लागते. हा क्रम केवळ घोड्यांच्याच इतिहासात आहे असे नाही.

आता नाल हवीच कशाला? रानातल्या घोड्याला कोण नाल मारतो? प्रश्न रास्त आहे. घोड्याचा खूर म्हणजे आपले नखच. एवढे थोरले, तीनशे किलोंच्या घरातले जनावर प्रत्येक पायाच्या एकेका बोटावर, त्या बोटाच्या नखावर उभे असते. हे नख महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर वाढते. मोकळ्या रानात चालताना जितके वाढते तितकेच झिजते. हिशेब बरोबर राहतो. पण आपण त्याला टांग्याला जुंपतो, पाठीवर बसतो, दगडी फरशीवर आणि डांबरी रस्त्यावर पळवितो. मग वाढीपेक्षा झीज अधिक होते आणि हिशेब तुटीचा होतो. ती तूट भरून काढण्यासाठी लोखंड उसने द्यावे लागते. ते उसने लोखंडही झिजते, आणि खाली नख वाढत राहते. म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी नाल काढून, खूर तासून, पुन्हा बसवावी लागते.

या कामात मतभेद कमी नाहीत. चार नालबंद एकत्र आले की चार पंडितांची सभा भरली असे समजावे. एक म्हणतो, खूर जास्त तासू नये. दुसरा म्हणतो, टाच उंच ठेवली तर घोडा ठेचाळतो. पण एका गोष्टीवर जुन्या कारागिरांचे एकमत असे: नाल खुराला बसवावी, खूर नालेला बसवू नये. हे वाटते तितके सोपे नाही. पुढचे खूर गोलसर, मागचे थोडे निमुळते. एका घोड्याचा डावा-उजवाही सारखा नसतो. बाजारात तयार नाल मिळू लागली तेव्हा आळशी हाताला मोह पडला. नाल लहान असली तर ती ठोकून रुंद करण्यापेक्षा कानशीने खूरच घासून टाकणे सोपे! घोडा त्या दिवशी काही बोलत नाही. सहा महिन्यांनी खुराची भिंत पातळ होते, खिळा धरीत नाही आणि मग मालक म्हणतो, या घोड्याची जातच वाईट. आमच्या शिक्षक मित्रांनी या वाक्यावर घरी जाऊन थोडा विचार करावा.

आणि खिळ्याची गोष्ट तर त्याहून नाजूक. खुराची बाहेरची भिंत जेमतेम सेंटिमीटरभर जाड. तिला वेदना नाही. तिच्या आत एक फिकट रेघ असते, आणि त्या रेघेच्या आत जिवंत मांस. खिळा मारावयाचा तो त्या रेघेच्या बाहेरून. म्हणून नालेच्या खिळ्याचे टोक एका बाजूने तिरपे केलेले असते. तिरपी बाजू आत ठेवली की खिळा आपोआप बाहेर वळतो आणि भिंतीतून वर डोकावतो. मग त्याचे टोक मोडून वाकवावयाचे. नालेला असे सहा-आठ खिळे. मागच्या टाचेकडे शक्यतो एकही नाही. कारण पाय टेकताना खूर तेथे किंचित पसरतो, त्याला ती मोकळीक हवी. खिळा उलटा धरला, अथवा दोन-तीन मिलिमीटर आत गेला, की तो मांसात जातो. आणि हे सारे न दिसणाऱ्या जागी चाललेले असते. मग नालबंदाला कळते कसे? त्याला ते ऐकू येते. खिळा कठीण खुरातून जात असला म्हणजे प्रत्येक ठोक्याला आवाज चढत जातो. मऊ जागी शिरला की आवाज बसतो. डोळा नव्हे, येथे कान राखण करतो.

हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही. याची किंमत दुसऱ्याने मोजली आणि धडा आम्हाला फुकट मिळाला. ती हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

साल १९६४, दिवस लग्नसराईचे. आम्ही तेव्हा महालात राहत होतो. गल्लीच्या तोंडाशी एक कडुलिंब होता. त्याच्या सावलीत एक वृद्ध नालबंद बसत. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणे. समोर टांग्यांचा अड्डा. शाळा सुटली की आम्ही त्या झाडाखाली उकिडवे बसून नालबंदी पाहत असू. त्या उन्हाळ्यात आमच्या मावशीचे लग्न वर्ध्याला होते. स्टेशनावर जावयाचे म्हणून मामांनी एक टांगा ठरविला. टांगेवाला म्हणाला, "पुढच्या पायाची नाल ढिली झाली आहे, ती ठोकून घेतो आणि निघू." आम्ही सामानासह झाडाखाली उभे राहिलो. चाचांनी नाल बसविली, पाच खिळे मारले आणि सहाव्या खिळ्याशी त्यांचा हात थांबला. त्यांनी मान तिरपी केली. पुन्हा एक हलका ठोका मारला. मग म्हणाले, "बाबूजी, हा खिया नीट नाही बोलून राह्यला. काढा लागते."

मामांनी घड्याळ पाहिले. म्हणाले, "अहो चाचा, एका खिळ्याने काय होते? आमची गाडी सुटेल. उद्या काढा."

चाचांनी टांगेवाल्याकडे पाहिले. टांगेवाल्याने मामांकडे पाहिले. सवारी मोठी होती, भाडे ठरलेले होते. क्षणभर कोणीच काही बोलले नाही. मग चाचांनी खिळ्याचे टोक मोडले, वाकविले आणि पाय खाली सोडला. आम्हाला गाडी मिळाली. लग्न थाटात झाले.

पाचव्या दिवशी परतलो तेव्हा तो टांगा अड्ड्यावर नव्हता. घोडा कडुलिंबाखाली तीन पायांवर उभा होता. चौथा पाय घमेल्यातल्या गरम मिठाच्या पाण्यात होता, आणि चाचा तो दोन्ही हातांनी धरून बसले होते. ऐन लग्नसराईत टांगेवाल्याचे तीन आठवडे बुडाले. आम्ही घरी जाऊन मामांना सांगितले. मामा म्हणाले, "नालबंद कसला तो! त्याने तेव्हाच खिळा काढावयास हवा होता."

आम्ही गप्प बसलो. आम्ही तेथे होतो, आम्ही ऐकले होते, आणि तरीही आम्ही गप्प बसलो. पण त्याहून जिव्हारी लागली ती दुसरी गोष्ट. अड्ड्यावरच्या कोणीतरी आमच्यासमोरच चाचांना विचारले, की असे झाले तरी कसे? चाचांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. म्हणाले, "माह्या हातची चूक. आवाज आयकला होता मी."

श्रोतेहो, ज्याने ऐकले त्याने चूक पदरात घेतली आणि ज्यांनी ऐकू दिले नाही ते लग्नाचे लाडू खात होते. आज आम्ही येथे जे काही बोलत आहोत, ते त्या गप्प बसण्याचे साठ वर्षांचे व्याज आहे असे समजा.

हा नालबंद आपल्या इतिहासात कोठे आहे, ते शोधावयास गेलो तर तो सापडतो, पण फार गंमतीच्या जागी. मराठ्यांच्या लष्करी हिशेबात 'नालबंदी' नावाची एक रक्कम असे. स्वतःचा घोडा घेऊन येणाऱ्या शिलेदाराला मोहिमेवर निघण्यापूर्वी जी आगाऊ रक्कम मिळे, ती नालबंदी. खर्च पुष्कळ प्रकारचा असे, पण नाव पडले ते नालेचे; कारण घोड्याला नाल नसेल तर भाला, तलवार, जिरेटोप ही सारी ओझीच. रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर १७४२ साली घोडदळ घेऊन बंगालवर गेले. नागपूरहून भागीरथीकाठचे काटवे म्हणजे हजार किलोमीटरांहून अधिक वाट, मध्ये डोंगर, जंगले आणि नद्या. त्या स्वारीचा धाक एवढा की बारगीर या आपल्या शब्दाचे तिकडे 'बर्गी' झाले आणि तो शब्द बंगाली अंगाईगीतात जाऊन बसला. त्या स्वारीच्या बऱ्यावाईटाचा विचार इतिहासकारांनी करावा. लुटीत ज्यांची घरे जळाली त्यांच्या बाजूनेही तो झाला पाहिजे. आम्ही एवढेच विचारतो, की त्या वाटेवर झिजलेल्या हजारो खुरांना कोणीतरी रोज मुक्कामाला नाल ठोकली असेलच ना? सरदारांची नावे आपल्याला पाठ आहेत. नालबंदाचे नाव मात्र रकमेला मिळाले, माणसाचे राहिले नाही.

आता ऐरणीकडे वळू. कारण नाल जन्मते ती तिच्यावर. चित्रात दिसते ती शिंगाची, लांबट ऐरण साहेबाच्या देशाची. आपल्या खेड्यातली ऐरण म्हणजे लोखंडाचा चौकोनी ठोकळा, बाभळीच्या ओंडक्यात बसवून जमिनीत पुरलेला. आपला लोहार बसून काम करतो, म्हणून ती जमिनीलगत असते. आगगाडी आल्यावर रुळाचा तुकडाही कित्येकांची ऐरण झाला. लोक समजतात की ऐरण घाव सोसते. साधुसंतांनीही सोशिकपणासाठी हा दृष्टान्त वापरला; तुकोबांनी तर खरा हिरा ओळखण्यासाठी त्याला ऐरणीवर ठेवून घण मारावयास सांगितले. पण लोहाराला विचारा. तो म्हणेल, जी ऐरण नुसते घाव सोसते ती मेलेली. चांगली ऐरण घाव परत करते. तिच्यावर रिकामा हातोडा टाकला तर तो टणकन् वर उसळतो. ही उसळी लोहाराचा अर्धा हात असते. हातोडा उचलण्याचे निम्मे कष्ट ऐरण वाचविते. ऐरण तडकली असेल किंवा ओंडक्यात सैल बसली असेल, तर आवाज 'थप्' असा येतो, आणि दिवस संपेपर्यंत लोहाराचा खांदा भरून येतो. म्हणून ऐरण घेताना जाणकार तिची लांबीरुंदी मागाहून पाहतो, आधी ठोका मारून ऐकतो. येथेही पुन्हा कानच!

तेव्हा प्रश्न ऐरणीवर आला असे म्हणून जे वक्ते खाली बसतात, त्यांना लोहार काय म्हणेल? तो म्हणेल, ऐरणीवर आला हे ठीक. तापवून आणला आहे काय? सांडशीत नीट धरला आहे काय? त्याचे काय करावयाचे, फाळ की विळा, हे ठरले आहे काय? कारण लाल लोखंड ऐरणीवर आले की हाती थोडे क्षण असतात. तेवढ्यात घाव पडला नाही तर लोखंड काळे पडते आणि पुन्हा भात्यापासून सुरुवात. आमच्या समजुतीप्रमाणे आपले बहुतेक प्रश्न ऐरणीवर थंड पडलेले आहेत.

लोहाराच्या दुकानात पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट असते. तेथे दोघे काम करतात आणि फारसे बोलत नाहीत. एका हातात सांडशी आणि एका हातात लहान हातोडा घेऊन बसलेला तो उस्ताद. समोर उभा राहून थोरला घण मारणारा दुसरा. उस्ताद लहान हातोड्याने नुसती टिचकी मारून जागा दाखवितो. तेथेच घण पडतो. टिचकी, घण, टिचकी, घण. हातोडा ऐरणीवर आडवा पडला की थांबावयाचे. आठवडी बाजारात पाल ठोकून बसणाऱ्या घिसाडी आणि गाडीलोहार कुटुंबांत हा थोरला घण बहुधा बाईच्या हातात असतो. पोर कडेला भाता फुंकीत असते आणि ती उन्हात उभी राहून डोक्यावरून घण आणते. आपण लोहार म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पिळदार दंडाचा पुरुष आणतो. १९६५ साली भालजी पेंढारकरांनी 'साधी माणसं' चित्रपट काढला, त्यात लोहाराचे जोडपे आले आणि ऐरणीला देव मानणारे गाणे घरोघर गेले. गाणे आपण डोक्यावर घेतले. घण मारणाऱ्या बाईला मजुरी निराळी द्यावी लागते, हे मात्र कोणाच्या डोक्यात आले नाही.

घाव घातल्यावर राहते ते पाणी देणे. आपण पाणीदार माणूस म्हणतो, पाणीदार तलवार म्हणतो, ते हेच पाणी. पोलाद लाल करून पाण्यात बुडविले की ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून त्याला पुन्हा हलके ऊन द्यावयाचे आणि घासलेल्या जागेवर उमटणारा रंग पाहावयाचा. आधी गवतासारखा पिवळा, सुमारे २३० अंशांवर. मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांजवळ निळा. छिन्नीला एक रंग, कुऱ्हाडीला दुसरा. लोहाराजवळ उष्णतामापक नव्हता. त्याला रंग ठाऊक होता आणि त्या रंगावर थांबणे ठाऊक होते. मोटारीच्या जुन्या कमानपट्ट्याचा विळा उत्तम होतो, साध्या सळईचा होत नाही, हे त्याला कार्बनचे प्रमाण न शिकता कळले होते.

आपली ही व्याख्यानमाला ज्या दिवसांत भरते, तेच एके काळी विदर्भाच्या खेड्यातल्या लोहाराचे ऐन कामाचे दिवस. मृगाच्या आत वखराची पास, डवऱ्याचे लोखंड, नांगराचा फाळ पाजून, झिजलेले टोक शेवटून द्यावयाचे. बैलांना पत्री ठोकावयाची. घोड्याचा खूर अखंड, बैलाचा दुभंगलेला, म्हणून प्रत्येक पायाला दोन पत्र्या, आणि त्यासाठी बैलाला दोरांनी बांधून आडवा पाडावा लागे. या सगळ्याची मजुरी त्या वेळी रोख मिळत नसे. लोहार बलुतेदार, सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा. काही मंडळी या पद्धतीचे फार गोडवे गातात. तिच्यात एक शहाणपण होते खरे: पास वर्षभर टिकली तर लोहाराचेही श्रम वाचत, म्हणून काम पक्के करण्यात त्याचे हित होते. पण खळ्यावर हात पसरून उभे राहण्याची वेळही त्याच्यावरच येई आणि पाऊस हुकला की वाटा हुके. ट्रॅक्टर आले, तयार पाती आली, टांगे गेले. लोहाराचा मुलगा वेल्डिंगच्या दुकानात किंवा कारखान्यात गेला. तो गेला याचे दुःख आम्ही करीत नाही. धुरात डोळे घालविण्याचा वारसा त्याने पुढे चालवावा असे सांगणारे आपण कोण? दुःख याचे, की तो जाताना काय घेऊन गेला हे आपण त्याला विचारलेही नाही.

असे न विचारण्याची आपली खोड जुनी आहे. ती किती महाग पडली, याचे एक उदाहरण याच शहरात घडले. चांदा जिल्ह्यात लोहारा नावाचे गाव आहे आणि तेथे लोहखनिजाची टेकडी आहे. गावाला हे नाव काही कोणा भूगर्भशास्त्रज्ञाने दिले नव्हते! १८८२ साली फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने या खनिजावर अहवाल लिहिला आणि तो येथे एम्प्रेस मिल चालविणाऱ्या जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. पोलादाचे स्वप्न तेथून सुरू झाले. पण चांद्याचे खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा यांचा मेळ बसेना. १९०३ साली दोराबजी टाटा हा नाद सोडल्याचे सांगण्यासाठी नागपूरच्या सचिवालयात आले. अधिकारी भेटेपर्यंत वेळ काढावयाचा म्हणून ते संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात शिरले. तेथे भिंतीवरच्या भूगर्भ नकाशात त्यांना दुर्ग भागात लोखंडाची खूण दिसली. शोधपथक तिकडे गेले, तो डल्ली-राजहऱ्याच्या डोंगरावर पावलाखाली धातूसारखा नाद येत होता. टाटांचा कारखाना अखेर साकचीला उभा राहिला आणि १९१२ साली तेथे पोलाद निघाले. राजहऱ्याचे खनिज स्वातंत्र्यानंतर भिलाईला उपयोगी पडले.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीही. पण जुन्या मध्यप्रांताच्या डोंगरांत अगारिया नावाची जमात पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भट्टीत लोखंड गाळीत होती. लोहासुर, कोयलासुर आणि अग्यासुर, म्हणजे लोखंड, कोळसा आणि अग्नी, हे त्यांचे देव. १९४२ साली व्हेरियर एल्विन यांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा वाचणाऱ्या जगाला त्यांचा नीट परिचय झाला. कोणत्या टेकडीत कसले खनिज आहे, हे त्यांच्याशिवाय अधिक कोणाला ठाऊक असणार? पण ज्याच्या हातात घण होता त्याच्या हातात लेखणी नव्हती आणि ज्याच्या हातात लेखणी होती तो घणाच्या आवाजाला कर्कश म्हणून खिडकी लावून घेत होता. आपल्या जातिव्यवस्थेने ज्ञान असे दोन खोल्यांत कोंडले आणि मधले दार बंद केले. मग आपल्याच डोंगराची बातमी आपल्याला भिंतीवरच्या नकाशातून कळावी लागली.

आता शेवटचे. काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी शनीच्या पीडेवर म्हणून विकली जाते, आणि सुशिक्षित माणसे ती बोटात घालतात. आमची तिला हरकत नाही. निदान लोखंडाचा स्पर्श तरी होतो! पण खऱ्या नालबंदाच्या हातात झिजलेली नाल देऊन पाहा. तो सांगेल, हा घोडा डावीकडे भार टाकतो, हा पाय ओढतो, याचा मालक उतारावर आवरीत नाही. झिजलेली नाल ही घोड्याची पत्रिकाच आहे. फरक इतकाच की ती भविष्य सांगत नाही, झालेले खरे ते सांगते.

असे वाचणारे काहीजण अजून आहेत. लग्नाच्या घोड्यांना, पोलिसांच्या आणि शर्यतीच्या घोड्यांना आजही नाल लागते. आपल्या नागपुरात १९५८ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथील एखाद्या विद्यार्थ्याने महिनाभर अशा वृद्धाशेजारी बसावे आणि तो काय म्हणतो ते त्याच्याच बोलीत लिहून घ्यावे. माहुरझरीच्या घोड्याची कडी आपण काचेत जपतो. तिच्याशेजारी टांग्याच्या घोड्याची एक झिजलेली नाल आणि खेड्यातली एक ऐरण ठेवावी, आणि खाली कारागिराचे नाव लिहावे. रकमेचे नको, माणसाचे.

आणि हे काहीच जमले नाही, तर एक गोष्ट प्रत्येकाला जमण्यासारखी आहे. आपल्या दारी काम करणारा सुतार, गवंडी, तारतंत्री, कोणीही असो, हात थांबवून म्हणाला की "हे नीट बोलून नाही राह्यले, काढा लागते," तर घड्याळ पाहू नका. गाडी चुकली तर दुसरी येते. आमची गाडी त्या दिवशी चुकली नाही, म्हणून तर साठ वर्षे ती आमच्यामागे धावते आहे.